चुंबकाविना फिरणारी मोटार

खामगाव तालुक्यातले पिंपळगाव राजा हे गाव बुलडाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या पट्ट्यात येते. कपाशी, सोयाबीन, तूर, आणि विहिरीने साथ दिली तर रब्बीत हरभरा-गहू, असा या टापूतला शेतीचा हिशेब. पाणी विहिरीत असणे वेगळे आणि ते पिकाच्या मुळाशी पोचणे वेगळे. या दोहोंच्या मधली वस्तू म्हणजे मोटार. ‘मोटार जळाली’ एवढे दोन शब्द कानावर पडले की शेतकऱ्याच्या घरात पुढचे कुणाला सांगावे लागत नाही. व्होल्टेज पडते, एखादा फेज जातो, किंवा विहीर आटून मोटार कोरडी फिरते. आतली तार तापते, तिच्यावरचे इनॅमल जळते आणि गुंडाळी एकमेकीला चिकटते. मग मोटार वर काढून रिवायंडिंगच्या दुकानात न्यायची. तिथे उघडून ठेवलेली मोटार नीट पाहण्यासारखी असते. जळक्या वॉर्निशचा उग्र वास, स्टेटरच्या खाचांतून छिन्नीने तोडून उपसलेली काळी तांब्याची तार, खाचांत बसवायचा नवा इन्सुलेशन पेपर, फर्म्यावर मोजून घेतलेले वेढे, शेवटी पुन्हा वॉर्निश. मधला रोटर मात्र बहुधा पुसून तसाच परत बसतो. पोलादी पत्र्यांची घट्ट चळत आणि तिच्यात आरपार गेलेल्या ॲल्युमिनिअमच्या किंवा तांब्याच्या कांड्या, एवढेच त्याचे शरीर. या संपूर्ण यंत्रात कायमचे चुंबकत्व असलेला एकही तुकडा नसतो.

सध्या जगभर ज्या प्रश्नाने उद्योगमंत्र्यांपासून स्कूटरच्या कारखानदारांपर्यंत सर्वांना घेरले आहे, त्याचा विचार या साध्या मोटारीपासून सुरू करायला हवा असे मला वाटते. दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांवरचे, म्हणजे निओडिमिअम, डिस्प्रोसिअम, टर्बिअम यांच्यावरचे अवलंबन कमी कसे करायचे, हा तो प्रश्न. तो सहसा असा मांडला जातो: निओडिमिअमच्या चुंबकाइतका बलवान दुसरा चुंबक कुठून आणायचा? या मांडणीतच चूक आहे. आधी विचारायला हवे ते हे, की जिथे तो चुंबक बसवला आहे तिथे एवढ्या बळाची गरज आहे का? हा प्रश्न एकेका यंत्राला विचारत गेलो तर अवलंबनाचा मोठा भाग आजच्या ज्ञानावर, आजच्या कारखान्यांत दूर होतो. नव्या मिश्रधातूंचे संशोधन उरलेल्या भागासाठी लागते, आणि ते मनापासून करायला हवे.

अडचण किती खरी आहे ते महाराष्ट्राने जवळून पाहिले. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सॅमेरिअम, गॅडोलिनिअम, टर्बिअम, डिस्प्रोसिअम, ल्युटेशिअम, स्कँडिअम आणि यिट्रिअम या सात मूलद्रव्यांच्या व त्यांपासून केलेल्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. जुलैमध्ये बजाज ऑटोचे व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांनी जाहीर सांगितले, की चुंबक मिळाले नाहीत तर ऑगस्टमध्ये कंपनीचे विजेवरच्या वाहनांचे उत्पादन शून्यावर येऊ शकते. आकुर्डीत तयार होणारी चेतक, जिच्या नावाशी दोन पिढ्यांच्या मराठी घरांची ओळख आहे, ती मुठीत मावणाऱ्या काही धातूच्या तुकड्यांसाठी अडून बसली. क्रिसिल या पतमानांकन संस्थेने त्याच सुमारास दाखवून दिले होते, की अशा चुंबकांचा वाटा वाहनाच्या किमतीत पाच टक्क्यांहूनही कमी असतो आणि भारताच्या चुंबकांच्या आयातीपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक चीनमधून येते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबात या धातूंच्या खाणकामात चीनचा वाटा सुमारे साठ टक्के, शुद्धीकरणात नव्वदच्या आसपास आणि तयार चुंबकांत त्याहूनही वर आहे. एखादा माल परदेशातून येणे ही रोजची गोष्ट आहे. तो एकाच दुकानातून येणे हा धोका असतो.

या चुंबकात एवढे काय आहे? नाव ‘दुर्मीळ’ असले तरी धातू तितके दुर्मीळ नाहीत; पृथ्वीच्या कवचात निओडिमिअमचे प्रमाण कोबाल्टपेक्षा जास्त आहे. ते एका जागी सापडत नाहीत आणि सापडले तरी एकमेकांना इतके चिकटून असतात की वेगळे करता करता आम्लाचे आणि दूषित पाण्याचे तलाव साचतात. चुंबकासाठी त्यांची गरज का पडते, हे समजायला खामगावच्या चांदी बाजारापर्यंत गेले तरी पुरे. शुद्ध चांदी मऊ असते, तिला थोडे तांबे मिळाले की ती आकार धरून ठेवते. लोखंडाचेही चुंबकत्वाच्या बाबतीत तसेच आहे. लोखंडाकडे जोर भरपूर, पण ते जितक्या सहज चुंबक होते तितक्याच सहज ते विसरते. निओडिमिअमच्या अणूतल्या काही इलेक्ट्रॉनांचा ढग गोल नसून एका दिशेने चपटा असतो, आणि स्फटिकात तो एकदा बसला की सहजासहजी वळत नाही. लोखंडाचा जोर आणि निओडिमिअमचा हट्ट एकत्र आले की आजवरचा सर्वांत बलवान व्यापारी चुंबक तयार होतो. त्याच्या रेणुसूत्रात चौदा अणू लोखंडाचे, दोन निओडिमिअमचे आणि एक बोरॉनचा. वजनात निओडिमिअम सव्वीस-सत्तावीस टक्के, बाकी जवळजवळ सगळे लोखंडच. शिवाय दीडशे अंशांच्या आसपास तापले की या चुंबकाचा हट्ट ढिला पडतो, म्हणून त्यात डिस्प्रोसिअम किंवा टर्बिअम घालतात. आणि २०२५ सालचा फास आवळला गेला तो नेमका या दोघांभोवती.

पण या चुंबकाचा जन्मच टंचाईतून झाला, हे फार कुणाच्या लक्षात राहिलेले नाही. त्याआधीचा बलवान चुंबक सॅमेरिअम आणि कोबाल्टचा होता. १९७८ मध्ये तेव्हाच्या झाईरमधल्या शाबा प्रांतात लढाई पेटली, कोबाल्टचा पुरवठा विस्कळीत झाला आणि भाव भडकले. कोबाल्टच्या जागी स्वस्त लोखंड घालता येईल का, या शोधात जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्समधले जॉन क्रोट हे दोघे स्वतंत्रपणे १९८३ च्या सुमारास त्याच संयुगापाशी पोचले. म्हणजे आज ज्याला पर्याय नाही असे म्हटले जाते, तो स्वतःच कुणाचा तरी पर्याय म्हणून आला होता. ‘निओडिमिअमला तोड नाही’ असे ठामपणे सांगणाऱ्यांना मी या इतिहासाची आठवण करून देईन. पर्याय निघतात. मात्र ते आपोआप निघत नाहीत, त्यासाठी कुणीतरी पाच-दहा वर्षे भट्टीपुढे बसावे लागते.

आज त्या भट्टीत काय काय आहे? सर्वांत जुना आणि सर्वांत भरवशाचा पर्याय म्हणजे फेराइट. लाउडस्पीकरच्या मागे असते ती काळी, ठिसूळ चकती. लोखंडाचा ऑक्साइड आणि स्ट्रॉन्शिअम किंवा बेरिअम, एवढ्यावर ती होते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फिलिप्सने ती बाजारात आणली. बळाच्या मापात ती निओडिमिअमच्या साधारण दहाव्या हिश्शाची, पण स्वस्त, गंज न लागणारी आणि कुठेही बनवता येणारी. त्यानंतर मँगनीज आणि ॲल्युमिनिअमची मिश्रधातू. विदर्भातल्या वाचकाने इथे थोडे थांबावे. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांत मँगनीजच्या खाणी आहेत, डोंगरी बुजुर्गची खाण त्यांत मोठी, आणि त्या चालवणाऱ्या मॉइल या सरकारी कंपनीचे मुख्यालय नागपुरातच आहे. इथले मँगनीज आजवर पोलादाच्या भट्ट्यांकडे आणि थोडेफार बॅटरीच्या सेलकडे गेले. मँगनीज-ॲल्युमिनिअमचा चुंबक फेराइटपेक्षा सरस ठरू शकतो. अडचण अशी की त्याची चुंबकीय अवस्था अस्थिर असते, तापवण्या-थंड करण्याचे वेळापत्रक जरा चुकले की ती मोडते. त्याचा भाऊ मँगनीज-बिस्मथ याहून विलक्षण. बहुतेक चुंबक तापल्यावर ढिले पडतात, हा मात्र तापला की काही मर्यादेपर्यंत अधिक हट्टी होतो. पण बिस्मथचाही मोठा पुरवठादार चीनच आहे आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यावरही निर्यातीचे नियंत्रण आले. एका विहिरीतून निघून दुसरीत पडण्याचा हा प्रकार. लोखंड आणि नायट्रोजनचे एक संयुग आहे, मिनोरू ताकाहाशींनी १९७२ मध्ये ज्याच्या प्रचंड चुंबकत्वाचा दावा केला. अमेरिकेतल्या मिनेसोटात नायरॉन नावाची कंपनी ते व्यापारी पातळीवर आणू पाहत आहे. त्यात जोर आहे, हट्ट कमी आहे आणि उष्णता सोसत नाही.

आणि आता त्या पर्यायाकडे येऊ, ज्याचा धागा बुलडाणा जिल्ह्याच्या मातीशी जुळतो. घाटावर लोणारचे विवर आहे. बेसॉल्टच्या कातळात एका अवकाशीय पाषाणाच्या आघाताने झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. तो आघात पन्नास हजार वर्षांपूर्वीचा असे पूर्वी मानत. आर्गॉनच्या कालमापनाने तो सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे मागे नेला. आदळलेली वस्तू कोंड्राइट जातीची दगडी उल्का असावी, असा अभ्यासकांचा कल आहे. १९३९ मध्ये शेजारच्या अकोला जिल्ह्यात अंदुरा इथे एक उल्का पडली. तिचे वर्गीकरण एच-६, म्हणजे ज्यांत लोखंडाचे प्रमाण जास्त असते त्या कोंड्राइटांपैकी. अशा उल्कांतल्या धातूच्या कणांत टेट्राटेनाइट नावाचे खनिज सापडते. निम्मे लोखंड, निम्मे निकेल. पण अणू कसेही मिसळलेले नाहीत, लोखंडाचा एक थर, निकेलचा एक थर अशी शिस्तीत रचना. त्या शिस्तीमुळेच लोखंडाला तो हट्ट मिळतो जो एरवी निओडिमिअमकडून उसना घ्यावा लागतो, आणि हिशेबाने त्याचे बळ निओडिमिअमच्या चुंबकाच्या जवळपास जाते. मग आपण तो भट्टीत का करत नाही? कारण ही रचना सुमारे ३२० अंशांच्या खालीच टिकते आणि त्या तापमानाला घट्ट धातूतले अणू जागचे हलतच नाहीत म्हटले तरी चालेल. लघुग्रहांच्या पोटात हा धातू लाखो वर्षांत काही अंश अशा गतीने निवला, म्हणून त्याला वेळ मिळाला. १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथे लुई नील यांच्या गटाने न्यूट्रॉनांचा मारा करून ही शिस्त प्रयोगशाळेत आणली. २०२२ मध्ये केंब्रिजच्या लिंडसे ग्रीअर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की मिश्रणात थोडे फॉस्फरस असेल तर साध्या ओतकामातही ही रचना आकार घेते. फॉस्फरस उल्कांतही असतोच. ते अजून सूक्ष्म कणांच्या पातळीवर आहे. हातात धरता येईल असा टेट्राटेनाइटचा चुंबक बाजारात नाही. कारखान्याच्या नियोजनात आज तो धरता येणार नाही. पण निसर्गाने दुर्मीळ मृदा न वापरता बलवान चुंबक एकदा करून दाखवला आहे, आणि तो आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आकाशातून पडलेल्या दगडाच्या जातभाईंत असतो, ही गोष्ट संशोधकाला बळ देणारी आहे.

तोवर काय? तोवर मूळ प्रश्नाकडे परत यावे. बलवान चुंबकाचा खरा फायदा वजनात आणि आकारात असतो. त्याच्यामुळे मोटार लहान व हलकी होते. मग ज्या यंत्राला हलके असण्याची गरज नाही, तिथे तो कशाला? मुंबईची लोकल रोज लाखो माणसे वाहते, तिच्या थ्री-फेज मोटारी इंडक्शन जातीच्या आहेत; विहिरीवरच्या मोटारीच्याच त्या सख्ख्या बहिणी. पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनच्या पवनचक्क्यांत तारेची गुंडाळी असलेले इंडक्शन जनित्र असते. उलट समुद्रातल्या थेट-जोडणीच्या काही पवनचक्क्यांना दर मेगावॉटमागे पाच-सहाशे किलो चुंबक लागतो. निकोला टेस्लाने १८८८ मध्ये पेटंट घेतलेल्या या मोटारीत बाहेरची गुंडाळी फिरते चुंबकीय क्षेत्र तयार करते, त्या क्षेत्राने रोटरच्या कांड्यांत वीज उपजते आणि रोटर तेवढ्यापुरता चुंबक होतो. चुंबकत्व कायमचे विकत घेण्याऐवजी ते जागेवर, लागेल तेव्हा निर्माण करायचे. याची किंमत रोटर तापण्यात मोजावी लागते, म्हणून इंडक्शन मोटार कार्यक्षमतेत काही टक्क्यांनी मागे पडते. हेही टाळायचे असेल तर रिलक्टन्स मोटार आहे. तिच्या रोटरमध्ये चुंबक नाही, तार नाही, कांड्याही नाहीत. नुसते विशिष्ट तऱ्हेने कापलेले पोलादी पत्रे. पाणी जसे उताराची वाट धरते तसे चुंबकीय क्षेत्र हवा टाळून लोखंडाची वाट धरते आणि त्या ओढीने रोटर फिरतो. एबीबीसारख्या कंपन्या अशा चुंबकविरहित मोटारी कार्यक्षमतेच्या सर्वांत वरच्या श्रेणीत विकतात. त्यांना खास नियंत्रक लागतो, आणि या घराण्यातल्या काही मोटारी आवाजही जास्त करतात. विहिरीवर तो आवाज कुणाला खुपणार नाही.

हे सगळे पिंपळगाव राजासारख्या गावाला आता का लागू होते? कारण विहिरीवरची मोटार बदलते आहे. महाराष्ट्राची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना २०२४ मध्ये आली. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच. जमिनीच्या आकारानुसार ३, ५ किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप. दिवसा पाणी मिळते, रात्री-बेरात्री साप-विंचवाच्या वाटेने मोटार चालू करायला जावे लागत नाही. ही योजना चांगली आहे यात मला शंका नाही. पण सौर पंप दोन तऱ्हेचे येतात. एक, नेहमीच्या इंडक्शन मोटारीचा. दुसरा, बीएलडीसी (ब्रशविना चालणारी डीसी मोटार) किंवा तत्सम, ज्याच्या रोटरवर चुंबक बसवलेले असतात आणि ते बहुधा निओडिमिअमचे असतात. इतकी वर्षे जी जागा चुंबकाविना भागली तिथे आपण सरकारी अनुदानातून चुंबक बसवू लागलो आहोत.

बीएलडीसीच्या बाजूने सांगितले जाते की तो जास्त पाणी देतो. हे खरे आहे आणि किती जास्त तेही मोजता येते. केंद्राच्या कुसुम या सौर पंप योजनेसाठी नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने ठरवलेल्या मापदंडांत, दहा मीटर उंचीवर पाणी चढवताना डीसी मोटारीने पॅनलच्या दर वॉटमागे दिवसाला १०० लिटर आणि एसी इंडक्शन मोटारीने ९० लिटर द्यावे, अशी अपेक्षा आहे. पाच अश्वशक्तीच्या पंपाला ४,८०० वॉटचे पॅनल धरले तर एकीकडे ४ लाख ८० हजार लिटर, दुसरीकडे ४ लाख ३२ हजार. फरक ४८ हजार लिटरचा. तो लहान नाही, कपाशीच्या एका पाळीत तो जाणवेल. पण हाच फरक भरून काढायला इंडक्शन मोटारीला किती पॅनल जास्त लागेल? सुमारे ५३३ वॉट. आजकाल बाजारात मिळणाऱ्या मोठ्या पॅनलपैकी एक. विहिरीच्या काठावर एका पॅनलला जागा नाही असे होत नाही. स्कूटरवर अर्धा किलो वाढला तर बॅटरीचा हिशेब बदलतो, मोटारगाडीत जागेसाठी भांडण असते. विहिरीवर वजनाला आणि जागेला ती किंमत नाही.

दुसरा मुद्दा दुरुस्तीचा, आणि तो मला पाण्याइतकाच मोलाचा वाटतो. इंडक्शन मोटार जळाली तर गावात किंवा तालुक्याला ती पुन्हा भरून मिळते. चुंबकाची मोटार फार तापली तर चुंबकाचे बळच उतरते, आणि ते रिवायंडिंगच्या दुकानात परत भरता येत नाही. नवा रोटर यावा लागतो. हमीच्या वर्षांत कंपनी पाहील, त्यानंतर काय? हरभरा फुलोऱ्यात असताना रोटर येईपर्यंत पीक थांबत नाही. त्यात पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा जवळ. निओडिमिअमचा चुंबक गंजाला फार भित्रा असतो, म्हणून त्याच्यावर निकेलचा किंवा इपॉक्सीचा मुलामा देतात. मुलामा कुठे फुटला आणि खारे पाणी आत गेले तर चुंबकाची भुकटी होते. फेराइट मुळातच लोखंडाचा गंज म्हणावा असा पदार्थ, त्याला आणखी गंजायचे काही उरलेले नसते.

स्कूटरचे तसे नाही, हे मान्य. तिथे बळ लागते. तरी तिथेही सगळे दरवाजे बंद नव्हते. ओला इलेक्ट्रिकने फेराइटवर चालणारी मोटार तयार करून ऑक्टोबर २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या सरकारी चाचणी केंद्राकडून तिला मान्यता मिळवली. दुर्बळ चुंबक जास्त संख्येने आणि हुशारीने मांडला की बरेच भागते. निओडिमिअम ठेवून डिस्प्रोसिअम काढून टाकण्याचा मार्ग होंडा आणि दायदो स्टीलने २०१६ मध्येच दाखवला होता. टोयोटाने २०१८ मध्ये निम्म्यापर्यंत निओडिमिअमच्या जागी स्वस्त आणि मुबलक लँथनम व सेरिअम घातले. ही संपूर्ण सुटका नसली तरी ज्या धातूवर फास आहे तेवढा बाहेर काढता येतो. आणि क्षेपणास्त्र, उपग्रह, विमाने यांना बलवान चुंबक लागणारच. त्यासाठी विशाखापट्टणमला भाभा अणुसंशोधन केंद्र आणि हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेच्या तंत्रावर आयआरईएल या सरकारी कंपनीने सॅमेरिअम-कोबाल्ट चुंबकांचा वर्षाला ३,००० किलोचा कारखाना उभा केला आहे. बलवान चुंबक अशा ठिकाणी जावेत.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की आपल्याकडे साठे असताना ही काटकसर कशाला. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या यादीत भारताचे साठे ६९ लाख टनांचे आहेत, जगात तिसऱ्या क्रमांकाच्या आसपास. केंद्र सरकारने २६ नोव्हेंबर २०२५ रोजी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, वर्षाला ६,००० टन चुंबक देशात करण्याची. ती हवीच होती. पण आपले साठे मुख्यतः केरळ, तामिळनाडू, ओडिशा, आंध्रच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत आहेत. हीच वाळू विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन कंपन्या त्रावणकोरहून गॅसबत्तीच्या मँटलसाठी नेत असत, तिच्यातल्या थोरिअमसाठी. लग्नाच्या वरातीत डोक्यावर मिरवलेली गॅसबत्ती याच घराण्यातली. थोरिअममुळे मोनाझाइट आजही अणुखनिज म्हणून बंधनात आहे आणि त्यात हलकी मूलद्रव्ये आहेत, डिस्प्रोसिअम नावाला. ६,००० टन चुंबकांना तीस टक्के धरले तरी सुमारे १,८०० टन निओडिमिअम व त्याचा सोबती प्रासिओडिमिअम लागेल. मुंबईत मुख्यालय असलेल्या आयआरईएलची क्षमता २०२५ मध्ये ४०० ते ५०० टनांची सांगितली जात होती. देशी चुंबक येतील तेव्हाही ते मोजकेच असतील. मग मोजकी वस्तू जिथे तिच्यावाचून चालत नाही तिथेच द्यावी, की विहिरीत सोडावी?

आणखी एक आक्षेप प्रामाणिक आहे. चुंबक काढला की तांबे वाढते, पॅनल वाढते. तूतुकुडीचा मोठा स्मेल्टर २०१८ मध्ये बंद झाल्यापासून तांबेही आपण आयात करतो आणि सौर सेलची साखळीही चीनकडे जाते. खरे आहे. पण तांबे चिली, पेरू, झांबिया, काँगो, इंडोनेशिया असे अनेक जण विकतात, एकाने दार लावले तर दुसरे उघडे असते. शिवाय जळक्या मोटारीतले तांबे वजनावर विकले जाते, वितळते आणि परत येते. रिवायंडिंगच्या दुकानात पुनर्वापराची ही साखळी कुठल्याही धोरणाविना कित्येक दशके चालू आहे. भंगारात गेलेल्या मोटारीतला निओडिमिअम आज आपल्याकडे जवळजवळ कुणी परत काढत नाही.

मला सर्वांत जास्त काळजी आहे ती विसरण्याची. सप्टेंबर २०१० मध्ये सेनकाकू बेटांच्या वादात चीनने जपानचा दुर्मीळ मृदांचा पुरवठा अडवला, २०११ मध्ये भाव कित्येक पटींनी चढले. अमेरिकेने लगेच पर्यायी चुंबकांच्या संशोधनाला पैसा दिला, जपानने ऑस्ट्रेलियाच्या लायनास या खाणकंपनीत गुंतवणूक केली. मग भाव कोसळले, अमेरिकेची खाणकंपनी मोलिकॉर्प २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पर्यायांवरचे बरेच काम थंडावले. जपानने मात्र काम सोडले नाही. होंडा आणि टोयोटाचे प्रयोग भाव पडलेल्या वर्षांतलेच आहेत. आपल्याकडे धातुशास्त्रज्ञ आहेत, नागपूरला मँगनीज आहे, पुण्याला मोटारी घडवणारे आणि तपासणारे आहेत. निर्यातीचे परवाने सैल झाले की फाइल मिटायची, हे या वेळी होऊ नये.

आणि सुरुवात करायला कुठल्याही शोधाची वाट पाहायला नको. राज्यात सौर पंपांची खरेदी सरकारी यादीतून, हजारोंच्या संख्येने होते. त्या यादीत प्रत्येक पंपासमोर एक रकाना वाढवावा: मोटारीत चुंबक आहे का, असल्यास कुठल्या जातीचा आणि किती ग्रॅम. ज्या पंपात दुर्मीळ मृदेचा चुंबक नाही, त्याला एका जास्तीच्या पॅनलइतके अनुदान द्यावे. शेतकऱ्यानेही अर्ज भरताना पुरवठादाराला एवढे विचारून घ्यावे, की ही मोटार जळाली तर खामगावला भरून मिळेल का.